शहर कुणाच्या सोयीचं?

प्रश्न: ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोथरूडला एका क्लिनिकमध्ये नोकरी करते. नवरा दोन वर्षांपासून स्टुटगार्टजवळ एका गाड्यांच्या कंपनीत आहे. त्याच्याकडे ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास परवाना) आहे. लग्नानंतर जेमतेम काही महिने एकत्र राहिलो, बाकी सगळा संसार व्हिडिओ कॉलवर. आता मी कायमची जाते आहे. तो म्हणतो, "तू म्हणशील त्या शहरात राहू, मी नोकरी बदलतो." म्युनिक, बर्लिन, लाइपझिग अशी यादी मी केली आहे. पहिल्याच महिन्यात सगळी फिरून ठरवून टाकावं असं वाटतं. मैत्रीण म्हणते, फॅमिली व्हिसाला वेळ लागतो, टुरिस्ट व्हिसावर जा आणि तिथेच बदलून घे. मनात धाकधूकही आहे: इतक्या दिवसांनी एका घरात आमचं जमेल ना? आणि सासूबाई कुकर नेच म्हणतात. नेऊ का? – एक वाचक, पुणे

उत्तर: आधी मैत्रिणीचा सल्ला, कारण तो ऐकलात तर पुढचं सगळंच अडेल. टुरिस्ट व्हिसावर उतरून तिथे फॅमिली व्हिसा करून घेणं भारतीय पासपोर्टवर सहसा होत नाही. परत या आणि पहिल्यापासून अर्ज करा म्हणतात. सरळ इथूनच जोडीदाराचा व्हिसा काढा. नवऱ्याचं ब्लू कार्ड असल्याने तुम्हाला व्हिसासाठी ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या, जर्मनची अट नाही आणि तिथे गेल्यावर नोकरी करायची मुभा आहे. फक्त फिजिओथेरपी त्यात आपोआप येत नाही, आणि तुमच्या शहरांच्या यादीत मला हीच गोष्ट कुठे दिसली नाही.

जर्मनीत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करायला सरकारी मान्यता लागते आणि ती देतं राज्य, दिल्लीसारखं बर्लिनमधलं एखादं मध्यवर्ती खातं नाही. तुमचा अभ्यासक्रम तिथल्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतात. काही कमी पडलं तर एक जोडकोर्स किंवा परीक्षा देऊन ते भरून काढायचं. जर्मन साधारण बी-टू, म्हणजे चौथ्या पातळीपर्यंत हवी. म्हणजे शहर निवडताना तुम्ही राज्य निवडताय. म्युनिक बव्हेरियात, लाइपझिग सॅक्सनीत, बर्लिन स्वतःच एक राज्य. स्टुटगार्टमधून अर्ज केलात आणि मध्येच बर्लिनची हुक्की आली, तर कागदांची फाइल नव्या ऑफिसात, नव्या रांगेत.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते: स्टुटगार्ट ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे, आधी तिथलीच शहरं बघा. कार्ल्सरूह, मानहाइम, हायडेलबर्ग, उल्म, फ्रायबुर्ग ही सगळी त्याच राज्यात आहेत. मानहाइमच्या मध्यभागी बहुतेक पत्ते रस्त्याच्या नावाने नाहीत, चौकोनांना अक्षर आणि आकडा असतो. नवी मुंबईच्या सेक्टरांत राहिलेल्या माणसाला लगेच घरच्यासारखं वाटेल. हायडेलबर्ग देखणं आहे, मोठं विद्यापीठ हॉस्पिटल आहे, पण घरभाडं ऐकून जीव दडपतो. म्युनिकच्या भाड्याबद्दल तर बोलायलाच नको, देशात सगळ्यात महाग तेच. बर्लिनमध्ये इंग्रजीवर ऑफिसं चालतात हे खरं, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या ऐंशीच्या आजी तुमच्याशी इंग्रजी बोलणार नाहीत. स्टुटगार्टच्या आजी तर श्वाबियन बोलीत बोलतील, तिची तयारी ठेवा.

स्टुटगार्टलाही यादीत घ्या. मी स्वतः बरीच वर्षं तिथे नेकार नदीकाठी काढली आहेत. शहर खोलगट वाटीत बसलंय, चहूबाजूंना चढ, जिने, मध्येच द्राक्षांचे मळे. स्टेशनचं काम २०१० पासून चालू आहे, त्यावर लोक पुणेकरांच्या उत्साहाने बोलतात. आणि 'केअरवोखे' नावाचा प्रकार आहे: दारावर पाटी लटकली की त्या आठवड्यात सामायिक जिना आणि पॅसेज झाडायची पाळी तुमची. जिना लख्ख असला तरी झाडायचा, आणि झाडताना शेजाऱ्यांना दिसायचंही.

शहरं बघायची तर रविवारचे चौक आणि चर्च बघून ठरवू नका. मंगळवारी सकाळी दहाला बघा, नवरा ऑफिसात असताना, एकटीने. जिथलं भाडं तुम्हाला परवडेल त्याच वस्तीतून ट्राम पकडा. फिजिओची 'प्राक्सिस' (क्लिनिक) दिसली की आत जाऊन मोडक्या जर्मनमध्ये विचारा, काही दिवस नुसतं बसून काम बघू द्याल का? याला ते 'हॉस्पिटात्सिओन' म्हणतात. तिथली माणसं कशी बोलतात त्यावरून शहर जेवढं कळेल तेवढं दहा व्हिडिओंतून कळणार नाही. फिरायला डॉइचलांड टिकिट घ्या. २०२६ च्या जानेवारीपासून ते महिना ६३ युरो आहे, देशभरच्या लोकल आणि रीजनल गाड्यांना चालतं, आयसीई या वेगवान गाड्यांना नाही. ते सबस्क्रिप्शन असतं. त्या महिन्याअखेर बंद करायचं तर १० तारखेच्या आत रद्द करा.

पण हे सगळं पहिल्या महिन्यात नको. तो महिना त्याच्या सध्याच्या घरात काढा. पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, तेव्हा मालकाला तुम्ही येताय हे आत्ताच कळवायला सांगा. घर सोडायची नोटीस सहसा तीन महिन्यांची, नव्या घराचं डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत, आणि स्वयंपाकघर बऱ्याचदा म्हणजे चार भिंती आणि एक पाण्याचा पाइप. घाईने काही होणार नाहीच.

जमेल का, याबद्दल. दोन वर्षं एकटा राहिलेला माणूस मसाल्याचे डबे स्वतःच्या क्रमाने लावतो आणि रात्री नऊनंतर बोलायचं विसरलेला असतो. ते तुमच्याबद्दल नसतं. मला जास्त खटकतं ते त्याचं "तू म्हणशील ते". प्रेमाने म्हणतोय, पण उद्या शहर रुचलं नाही तर खापर तुमच्या डोक्यावर. त्यालाही त्याच्या अटी लिहायला लावा: कुठली नोकरी नको, रोजचा किती प्रवास सोसेल. ब्लू कार्डवर पहिलं वर्ष सरल्यामुळे नोकरी बदलणं सोपं आहे, पण कायम निवासासाठी बी-वन जर्मन असेल तर २१ महिने, ए-वनवर २७ महिने नोकरी आणि पेन्शनचा भरणा लागतो. तो अर्ज आधी टाकू दे, मग राजीनामा.

तुम्ही तोवर इथेच जर्मन सुरू करा. कोथरूडहून बोट क्लब रोडवरचं मॅक्स म्युलर भवन लांब पडतं, तरी जा.

कुकर न्याच. मात्र शेगडी कुठली ते त्याला विचारा. इंडक्शन असेल तर इंडक्शन बेसचा स्टीलचा घ्या. साधी काचेची विजेची असेल तर सपाट बुडाचा ॲल्युमिनियमचाही चालेल. रबराच्या रिंगा दोन जास्त टाका.