सांध्याला तडा का जातो? जिप्सम बोर्डाच्या भिंतीबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत विटा-सिमेंटपेक्षा जिप्सम बोर्डच, म्हणजे दोन कागदांच्या मध्ये जिप्सम भरलेली पाटी, जास्त आहे. एक पत्र थेट न्यू जर्सीहून आलं आहे. तिकडे घरातल्या भिंती मुळातच बोर्डाच्या असतात आणि त्यांना ड्रायवॉल म्हणतात. ओल्या गिलाव्याची वाट बघायची नाही, म्हणून ‘ड्राय’. सांधे भरायला लागलात की मात्र वाट बघावीच लागते!

प्रश्न : पुण्यात आमचा दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. हॉलचा एक भाग वेगळा काढून मुलीसाठी अभ्यासाची खोली करायची आहे. पार्टिशन १० फूट लांब, स्लॅबपर्यंत साडेनऊ फूट उंच, एका टोकाला ३ बाय ७ फुटांचा दरवाजा. ड्रिल आहे, घरातली बारीकसारीक कामं जमतात. ही भिंत स्वतः उभी करता येईल का? सामान किती लागेल?

उत्तर : येईल. बोर्ड उभे करणं हे दोन माणसांचं शनिवार-रविवारचं काम आहे. सांधे भरायला (ते कसे, हे पुढच्या उत्तरात) पुढे चार-पाच दिवस जातात आणि भिंत कशी दिसणार हे त्या दिवसांत ठरतं. सोसायटीला कळवताना वजनाचा मुद्दा जरूर लिहा. गिलाव्यासकट साडेचार इंची विटांची भिंत चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास जाते, दोन्ही बाजूंना एकेक बोर्ड असलेलं पार्टिशन वीस-पंचवीस किलोत बसतं.

सामान असं धरा. जमिनीला आणि स्लॅबला ५० मिलिमीटरचा चॅनेल, म्हणजे लोखंडी पत्र्याची पन्हळ : १२ फुटी दोन नग. त्यात उभे बसणारे ४८ मिलिमीटरचे स्टड : १२ फुटी आठ नग. साडेबारा मिलिमीटर जाडीचे, लांब कडेला उतार असलेले बोर्ड, ४ बाय १० फुटांचे : हिशोबाने पाच, घ्यायचे सहा. २५ मिलिमीटरचे काळे ड्रायवॉल स्क्रू : ३००. प्लग-स्क्रू पंचवीसेक, कागदी टेप ३० मीटर, सांधे भरायच्या पावडरीची, म्हणजे जॉइंटिंग कम्पाउंडची, एक गोणी (उरेल). दुकानदार ६ फुटी बोर्ड पुढे करील, कारण ते लिफ्टमध्ये मावतात. तरी १० फुटी बोर्ड जिन्याच्या वळणावर फिरतो का ते आधी मोजून बघा. फिरत असेल तर तोच घ्या. ६ फुटी घेतलात तर भिंतीच्या मधोमध आडवे सांधे येतात, आणि आडवा सांधा लपवणं हे या कामातलं सगळ्यात कटकटीचं प्रकरण आहे.

जमिनीवर खडूची दोरी मारा, ओळंब्याने तीच रेघ स्लॅबवर न्या. चॅनेल दर दोन फुटांवर प्लग-स्क्रूने बसवा. लादीला भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, लादी आरपार झाल्यावरच चालू करा. नाहीतर लादी तडकते. चॅनेलखाली सिलंटची रेघ किंवा फोमची पट्टी दिली तर आवाज कमी जातो.

स्टड साडेनऊ फुटांपेक्षा ८-१० मिलिमीटर आखूड कापा आणि वरच्या चॅनेलला स्क्रूने जखडू नका, नुसते सरकवून ठेवा. स्लॅब भाराने किंचित खाली येतो. त्याला जागा ठेवली नाही तर तो भार बोर्डावर येतो आणि वरच्या कडेला भेग पडते. स्टड कुठे येतील? दरवाजाकडच्या भिंतीपासून मोजा : ०, ३, ४, ६, ८ आणि १० फुटांवर. तीन फुटांवरचा दरवाजाचा, तो दुहेरी. दरवाजाच्या दोन्ही बाजूंच्या स्टडमध्ये लाकडाची पट्टी सारा, चौकटीचे स्क्रू तिच्यात पकडतील. दरवाजाच्या वर चॅनेलचा आडवा तुकडा आणि त्यावर दोन फुटांच्या खुणेवर स्टडचा उरलेला तुकडा उभा करा.

बोर्ड लावण्याचा क्रम नीट वाचा, कारण बहुतेक जण इथे चुकतात. एका बाजूला दरवाजाकडून ४, ४, २ असे लावा, दुसऱ्या बाजूला २, ४, ४. म्हणजे दोन्ही बाजूंचे सांधे वेगवेगळ्या स्टडवर येतात. दुसरा फायदा असा की तीन फुटांच्या रेषेत, दरवाजाच्या कोपऱ्यावर, सांधा कुठेच येत नाही. तिथे अखंड बोर्डातून कोपरा कापून काढलेला असतो. दरवाजा आपटला की सगळा हिसका त्या कोपऱ्यात जातो. तिथे सांधा असेल तर वर्षाच्या आत तिरकी भेग दिसते.

बोर्ड कापायला करवत लागत नाही. पुढच्या कागदावर पट्टी धरून कटर ओढा, मागे दाबून मोडा, मग मागचा कागद कापा. माप तीन-चार मिलिमीटर कमीच धरा. ठोकून बसवलेला बोर्ड कडेला चुरतो. खाली जमिनीपासून १० मिलिमीटर अंतर ठेवा. आपल्याकडे लादी रोज पुसली जाते, आणि बोर्ड लादीला टेकला असेल तर तो फडक्याचं पाणी टीपकागदासारखं वर ओढतो. ही फट स्कर्टिंगमागे झाकली जाते. वरची फट कम्पाउंडने भरू नका, लवचीक सिलंटने भरा.

स्क्रू दर ९-१० इंचांवर, कडेपासून निदान १० मिलिमीटर आत. डोकं कागदाच्या जरा खाली गेलं पाहिजे, पण कागद फाटता कामा नये. आतलं जिप्सम ठिसूळ असतं, स्क्रूला धरून ठेवतो तो कागदच. एक बाजू बंद झाली की थांबा. वायरिंगचे पाइप, आवाज अडवायला ५० मिलिमीटरची ग्लासवूल (काचेच्या तंतूंची गादी) आणि पुढे जिथे काही टांगायचं असेल तिथे प्लायवूड, हे सगळं दुसरी बाजू बंद करण्याआधी. दोन खोल्यांचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून ठेवू नका, आवाज तिथूनच जातो.

प्रश्न : ठाण्यात दिवाळीआधी जिप्सम बोर्डाचं सीलिंग करून घेतलं. सहा महिन्यांत सरळ रेषेत केसाएवढ्या भेगा दिसायला लागल्या. पेंटरने दोनदा पुट्टी भरली, पुन्हा तिथेच भेगा. काय चुकलं?

उत्तर : भेगा सरळ रेषेत आहेत, म्हणजे त्या बोर्डाच्या सांध्यावर आहेत. पुट्टी भरून त्या कधीच थांबणार नाहीत. पुट्टी हे पृष्ठभाग गुळगुळीत करायचं साहित्य आहे. दोन बोर्ड किंचित हलतात आणि त्यांच्यामधला ताण टेपने सोसायचा असतो. बऱ्याच ठिकाणी जाळीची चिकटपट्टी लावून त्यावर पीओपी नाहीतर पुट्टी ओढतात. काम झटपट होतं, महिनाभर सुंदर दिसतं.

सांध्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार इंच रंग आणि पुट्टी खरवडा. टेप सापडली आणि ती सुटली असेल तर काढून टाका. आता बोर्ड हाताने वर दाबून बघा. हलला तर आधी स्क्रू वाढवा. सांगाडा सैल असेल तर टेपही हरेल. मग कम्पाउंड कालवा. पाण्यात पावडर टाकायची, पावडरीत पाणी नाही. घट्ट दह्यासारखं झालं की पाच मिनिटं ठेवा, पुन्हा ढवळा. सांध्यावर दीड-दोन मिलिमीटरचा थर द्या, त्यावर कागदी टेप मधल्या घडीची रेषा सांध्यावर धरून बसवा आणि सहा इंची पत्र्याने (पुट्टी ओढायच्या पात्याने) मधून टोकाकडे दाबत न्या. जादा माल कडेने बाहेर आला पाहिजे, पण टेपखाली थर उरलाही पाहिजे. तिथे कोरडं राहिलं तर फुगा येतो. फुगा आलाच तर तेवढा भाग कटरने कापून पुन्हा भरा, वरून दाबून तो बसत नाही.

पूर्ण सुकल्यावर दुसरा हात दहा इंच रुंद, तिसरा बारा इंच. प्रत्येक हात पातळ, कडेला शून्यावर नेलेला. जाड थर आकसतो आणि तडकतो. जिथे बोर्डाच्या कापलेल्या कडा भिडतात तिथे उताराची खाच नसते, त्यामुळे टेपचा उंचवटा राहणारच. तो घासून जात नाही. दोन्ही बाजूंना फूट-फूट माल पसरून उतार इतका लांबवायचा की डोळ्याला कळू नये.

जाळीची टेप अगदी बाद नाही, पण ती रासायनिक क्रियेने घट्ट होणाऱ्या कम्पाउंडबरोबरच वापरा. नुसत्या सुकून कडक होणाऱ्या तयार बादलीतल्या मालाबरोबर ती कमजोर पडते. भेग सीलिंगच्या कडेला, भिंतीच्या कोपऱ्यात असेल तर मात्र टेपचा हट्ट सोडा आणि रंगवता येणारं अ‍ॅक्रिलिक सिलंट भरा.

प्रश्न : न्यू जर्सीत राहतो. बेसमेंटचं काम स्वतः करतोय, लाकडी सांगाडा तयार आहे. सीलिंग एकट्याने लावता येईल का? मित्राच्या घरी दिवे लावले की सगळे सांधे दिसतात, ते कसं टाळू?

उत्तर : बोर्ड लावण्याआधी फ्रेमिंग आणि वायरिंगची तपासणी पार पडली आहे ना? नसेल तर लावलेले बोर्ड उतरवायची पाळी येते.

एकट्याने लावायचं तर ड्रायवॉल लिफ्ट, म्हणजे बोर्ड वर उचलून धरणारा स्टँड, भाड्याने घ्या. पाच-अष्टमांश इंची ४ बाय १२ फुटांचा बोर्ड शंभर पौंडांच्या आसपास भरतो, डोक्यावर तोलून स्क्रू मारायच्या भानगडीत पडू नका. आधी सीलिंग, मग भिंती. म्हणजे भिंतीचे बोर्ड सीलिंगच्या कडांना खालून आधार देतात. बोर्ड जॉइस्टना (छताच्या लाकडी तुळयांना) आडवे, टोकांचे सांधे एकाखाली एक न येता. सव्वा इंची स्क्रू, सीलिंगला १२ इंचांवर, भिंतीला १६ इंचांवर. भिंतीचे बोर्डही आडवेच लावा, वरची रांग आधी. बेसमेंटच्या फरशीपासून अर्धा इंच वर.

सांधे दिसतात ते तिरप्या उजेडात. भिंतीलगतचे दिवे, खिडकीचा कडेचा प्रकाश अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटाही दाखवतो. म्हणून प्रत्येक हातानंतर खोली अंधारी करून टॉर्च सीलिंगला जवळजवळ टेकवून फिरवा आणि दिसेल तिथे पेन्सिलने खूण करा. तिकडे फिनिशचे अंक ठरलेले आहेत : साध्या रंगासाठी लेव्हल ४ पुरते, तिरपा उजेड किंवा चकचकीत रंग असेल तर लेव्हल ५, म्हणजे सगळ्या पृष्ठभागावर कम्पाउंडचा एक पातळ थर. शेवटी प्रायमर चुकवू नका. कागद आणि कम्पाउंड रंग वेगवेगळा शोषतात, त्यामुळे सपाट केलेला सांधाही पट्ट्यासारखा उठून दिसतो.

घासायला १५० नंबरचा पेपर, तोंडाला एन-९५, आणि हीटिंगची तोंडं प्लॅस्टिकने बंद. घर जुनं असेल आणि आधीचे सांधे घासायचे असतील तर थांबा. ॲस्बेस्टॉस (श्वासातून गेल्यास घातक तंतू) असलेल्या पॅचिंग कम्पाउंडवर अमेरिकेत १९७७ साली बंदी आली, त्याआधीच्या कामाचा नमुना तपासून घ्या.

प्रश्न : जिप्समच्या भिंतीवर ४३ इंची टीव्ही टांगला तर चालेल का? आणि गीझर?

उत्तर : टीव्ही चालेल, स्टँडचे स्क्रू स्टडमध्ये किंवा आतल्या १८ मिलिमीटर प्लायवूडमध्ये गेले तर. भिंत आधीच बंद असेल तर लोहचुंबक फिरवा. स्क्रूंची डोकी सापडतात, तिथे स्टड आहे. लांब हात असलेला पुढे ओढायचा स्टँड नको, तो पुढे आला की ओढ कितीतरी वाढते. आरसा, फोटो, घड्याळ यांना मागे उघडणारे टॉगल पुरतात. साधा प्लॅस्टिकचा प्लग काही दिवसांत भोक मोठं करून बाहेर येतो. गीझर नको. पाण्याने भरलेला २५ लिटरचा गीझर त्याच्या वजनासकट चाळीस किलोच्या आसपास जातो, त्याला विटांची नाहीतर काँक्रीटची भिंत शोधा.

प्रश्न : रत्नागिरीत घर आहे. हिरवा बोर्ड बाथरूमला लावला तर ओल धरणार नाही, असं दुकानदार म्हणतो. आणि काम पावसाळ्यात काढलं तर?

उत्तर : हिरवा बोर्ड दमट हवेला तोंड देतो, अंगावर येणाऱ्या पाण्याला नाही. बाथरूमच्या सीलिंगला तो ठीक, वॉशबेसिनच्या भिंतीलाही चालेल. जिथे शॉवरचं पाणी पडतं तिथे सिमेंट बोर्ड, त्यावर वॉटरप्रूफिंग, मग टाइल. वरच्या स्लॅबमधून गळती असेल तर कुठलाही बोर्ड लावू नका, आधी गळती. वाळवीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोकण म्हणून सांगतो : लोखंडी सांगाड्याला ती लागत नाही, बोर्डाचा कागद मात्र खाते.

पावसाळ्यात काम निघालंच तर बोर्ड भिंतीला तिरपे टेकवून ठेवू नका, कमरेत वाकतात. लाकडी पट्ट्यांवर आडवे रचा, वर ताडपत्री. कम्पाउंड पावडरीचं, स्वतः घट्ट होणारं घ्या. तयार बादलीतला माल त्या हवेत दोन-दोन दिवस ओला राहतो. एका वेळी अर्ध्या तासात संपेल एवढंच कालवा. घट्ट व्हायला लागलं की पाणी घालून सैल करू नका, त्याचा जोर गेलेला असतो. बादली आणि पत्रा दरवेळी स्वच्छ धुवा, कारण आधीच्या घट्ट मालाचे कण नव्या मालात गेले तर तो दहा मिनिटांत गोठतो. हाताला कोरडं लागलं तरी रंगाची घाई नको. सांधा आजूबाजूच्या बोर्डापेक्षा गार लागत असेल तर आत अजून पाणी आहे.