वाचनालयातल्या कॉम्प्युटर वर्गाला उपयोगी वेबसाइट आणि सर्च कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की गावच्या वाचनालयात दोन कॉम्प्युटर आलेत, शाळकरी मुलांपासून साठीच्या काकूंपर्यंत दहा-बारा जण शिकायला येतात, पण यूट्यूबच्या पुढे कुणी जात नाही. त्यांना कोणत्या वेबसाइटची यादी द्यावी?

मी देवगड तालुक्यातल्या एका वाचनालयात चार वर्षं दर रविवारी असाच वर्ग घेतोय. माझं कळकळीचं सांगणं आहे, यादी देऊ नका. पहिल्या वर्षी मी चाळीस वेबसाइटची यादी छापून भिंतीला लावली होती. शिमग्यापासून गणपतीपर्यंत ती तिथेच होती, कुणी त्यातली एक साइटसुद्धा आपणहून उघडली नाही. आता मी प्रत्येकाला घरून एक प्रश्न आणायला सांगतो. घरात कुणाला तरी खरोखर उत्तर हवंय, असाच प्रश्न.

मोठ्या माणसांचा पहिला प्रश्न बहुधा सातबाऱ्याचा असतो. आमच्या एका काकूंनी शोध घेतला आणि सगळ्यात वरचा निकाल दाबला. ती जाहिरात होती, आणि ते पान उताऱ्याचे साडेतीनशे रुपये मागत होतं. महाभूलेख या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी साइटवर सातबारा नुसता बघायला पैसे पडत नाहीत, डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. तो सगळा तास मी पत्ता वाचायला शिकवण्यात घालवला. शेवटी गव्ह डॉट इन आहे का, नावात एखादं अक्षर जास्तीचं घुसलंय का, निकालावर ‘प्रायोजित’ लिहिलंय का. गणपतीच्या गाडीचं तिकीट काढताना त्याच काकूंनी स्वतःहून आधी पत्ता वाचला, तेव्हा मला फार बरं वाटलं.

पण खरा वेळ द्या तो शोधशब्दांना. नववीतल्या एका मुलाला विजयदुर्गावर प्रकल्प करायचा होता. ‘विजयदुर्ग माहिती’ टाकल्यावर पर्यटनाची वीस पानं आली, सगळीकडे तोच मजकूर उचललेला. मी विचारलं, इंग्रज या किल्ल्याला काय म्हणायचे? त्याला ठाऊक नव्हतं. पेपर वाचत बसलेले एक आजोबा म्हणाले, “घेरिया.” मग त्याने ते नाव इंग्रजीत लिहून पुढे १७५६ टाकलं. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या आरमाराने किल्ला घेतला, त्याची वर्णनं असलेली जुनी पुस्तकं इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहात अख्खी वाचायला मिळाली. तिथेच रत्नागिरी आणि सावंतवाडीचं १८८० सालचं गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेला जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ, सापडलं, आणि मग वर्गातला प्रत्येक जण त्यात आपापलं बंदर शोधायला लागला. तेव्हाची स्पेलिंग वेगळी आहेत, म्हणून गावाचं नाव दोन-तीन तऱ्हांनी लिहून बघायला लावा. नेमके शब्द त्याच क्रमाने हवे असतील तर अवतरणचिन्हात घालायचे, नको असलेल्या शब्दाआधी वजाचं चिन्ह द्यायचं. या दोन खुणा पहिल्या महिन्याला पुरतात.

मराठीत शोधून काही आलं नाही की मुलं समजतात, ते नेटवर नाहीच. त्यांना कारण सांगा. जुन्या कितीतरी फाइल युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारख्याच चालणाऱ्या अक्षर-कोडच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. डोळ्यांना ‘आंबा’ दिसतो, आत मात्र भलत्याच अक्षरांचे कोड असतात, त्यामुळे सर्चला तो शब्द ओळखू येत नाही. स्कॅन केलेलं पान तर नुसतं चित्रच. अशा वेळी विषयाऐवजी पुस्तकाचं नाव शोधावं आणि आत शिरून पानं चाळावीत.

मराठी विश्वकोश नेटवर आहे, तो दाखवाच. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची १८५७ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या साइटवर शोधता येते; आजीच्या तोंडचे जुने शब्द मुलं तिथे फार आवडीने बघतात. ज्यांच्या घरी होडी आहे त्यांना हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचं पान उघडून द्या. लाटांची उंची, वारा, मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे, असं सगळं तिथे असतं. आमच्याकडे एका तांडेलाचा मुलगा व्हॉट्सअ‍ॅपवर वादळाचा मेसेज आला की आता आधी ते पान आणि हवामान खात्याचं पान बघतो, मगच घरी सांगतो.

एक जाड वही ठेवा. प्रश्न काय होता, कोणते शब्द टाकले, उत्तर कुठे मिळालं आणि ते पान कुणाचं, एवढं ज्याने शोधलं त्यानेच लिहायचं. फसलेले शब्दसुद्धा लिहायचे, पुढच्याचा वेळ वाचतो. तुमची यादी हळूहळू याच वहीत तयार होईल. आणि मिळालेली चांगली पानं तिथल्या तिथे पीडीएफ करून कॉम्प्युटरवर साठवा. पावसात आमची रेंज दोन-दोन दिवस जाते, तेव्हा वर्ग त्याच फोल्डरवर चालतो.