आईच्या टाळूवरची गाठ आणि रिकामी आलेली सुई

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. आम्ही मालवण तालुक्यातल्या आचऱ्याचे. आईचं वय ६१. गणपतीआधी नवी कवळी करून घ्यायला गेली, तेव्हा दातांच्या डॉक्टरांना टाळूच्या डाव्या अंगाला, मागच्या बाजूस, सुपारीएवढी गाठ दिसली. दुखत नाही, त्यामुळे कधीपासून आहे तेही आईला सांगता येत नाही. सुई घालून तपासणी झाली. रिपोर्टवर ‘मिलान कॅटेगरी १’ लिहिलंय आणि आता डॉक्टर पुन्हा सुई घालू म्हणतात. कॅटेगरी १ म्हणजे कॅन्सरची पहिली स्टेज का? मावशी म्हणते, ‘गाठीक सुई लावू नको, खवळतली ती.’ आई मिश्री लावते म्हणून घरात सगळे तिलाच बोलतायत. दुसऱ्यांदा सुई म्हणजे नुसतं बिल वाढवणं तर नाही ना?

उत्तर : तो १ स्टेजचा नाही, हे आज जेवायला बसाल तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा. लाळग्रंथींच्या सुईतपासणीचे रिपोर्ट सगळीकडे एकाच पद्धतीने लिहिले जावेत म्हणून २०१८ साली ही मिलान पद्धत आली. तिचे सहा वर्ग आहेत. साध्या गाठी चौथ्यात येतात, पाचवा दाट संशयाचा, सहावा कॅन्सरचा. सुईत आलेला नमुना काचेच्या पट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात; पहिल्याचा अर्थ इतकाच, की निदान करण्याजोगं त्या काचेवर काही आलं नाही. आईची उत्तरपत्रिका कोरी आहे. पास नाही, नापासही नाही.

पण म्हणून ‘काही आलं नाही’चं ‘काही नाही’ करून टाकू नका. आता गणपती, मग दिवाळी, मग आंब्याची गडबड, असं आपल्याकडे सहज वर्ष निघतं. कोऱ्या आलेल्या सुईमागे पुढे कॅन्सर निघण्याचं प्रमाण २०१८ च्या पहिल्या आवृत्तीत शंभरात २५ धरलं होतं, २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते १५ वर आलं. शिवाय जागा टाळूची आहे. लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीनच जोड्या : कानापुढे, जबड्याखाली, जिभेखाली. बाकी ६०० ते १००० बारीक ग्रंथी ओठ, गाल, जीभ आणि टाळूच्या अस्तराखाली पसरलेल्या असतात. ग्रंथी जितकी लहान, तितकी तिच्यातली गाठ वाईट निघण्याची शक्यता जास्त. कानापुढच्या गाठी बहुतेक साध्या असतात; तोंडातल्या बारीक ग्रंथींच्या गाठींत मात्र निम्म्याच्या आसपास कॅन्सरच्या निघतात. न दुखणं ही काही खूण नव्हे, दोन्ही प्रकारच्या गाठी वर्षानुवर्षं गप्प बसतात. टाळूचा तेवढाच भाग बधिर वाटतो का, हे मात्र आईला आवर्जून विचारा आणि डॉक्टरांना सांगा. काही गाठी मज्जातंतूच्या कडेने सरकतात.

माझी स्वतःची एक चूक सांगते. अशा काचा तपासण्याच्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका बाईंच्या टाळूवरच्या निळसर गाठीतून सुईत नुसता बुळबुळीत द्रव आला, भेंडी चिरताना सुटते तशी तार. पेशी जवळजवळ नव्हत्याच. मी लिहून दिलं, ‘श्लेष्माची गाठ’. दीड वर्षाने त्या परत आल्या, गाठ दुप्पट. तो म्युकोएपिडर्मॉइड कार्सिनोमा होता, लाळग्रंथीचा एक कॅन्सर, कमी जोराचा. ऑपरेशन होऊन त्या बऱ्या झाल्या, पण ती काच मी अजून विसरलेले नाही. त्यानंतर टाळूवरच्या गाठीत नुसता श्लेष्मा आला तर मी कधीच ‘साधी’ लिहिलं नाही. ‘पुन्हा नमुना हवा’ असं लिहायची आणि नातेवाइकांचे, तुमच्यासारखेच, बिलाचे टोमणे ऐकायची. तेव्हा तुमच्या डॉक्टरांवर निदान ह्या बाबतीत तरी संशय घेऊ नका.

टाळूवर सुई कोरी का येते? अस्तर हाडाला घट्ट चिकटलेलं, गाठ लहान, सुई अर्ध्या वाटेत हाडावर टेकते. पेशंटला उलटीचा उमाळा येतो, डॉक्टरांचा हात हलतो, आणि येतं काय, तर रक्त आणि लाळ. म्हणून ह्या खेपेला काच बघणारे डॉक्टरच सुई घालतील, किंवा शेजारी उभे राहून नमुना पुरेसा आहे का ते तिथल्या तिथे बघतील, असं जमतं का ते विचारा. आधी बधिर करणारा फवारा मारतात. सुई २३ नंबरची, जेमतेम ०.६ मिलिमीटर जाडीची, नेहमीच्या इंजेक्शनला वापरतात तसलीच. दहा-पंधरा सेकंद आतल्या आत पुढेमागे करून बाहेर काढतात, असं दोन-तीनदा. आई रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर आधी सांगा. मग कापसाच्या घडीने दाबून धरायचं. त्या दिवशी कढत चहा नको, एवढंच.

इतक्या बारीक सुईने गाठ खवळत नाही आणि पसरतही नाही, असं मावशीला माझ्या नावाने सांगा. बहुधा त्यांनी असं पाहिलं असेल, की सुई झाली आणि चार महिन्यांत माणूस गेला. त्यात सुई आली ती रोगाच्या मागून.

नमुना चांगला आला की काचेवर काय दिसतं, तेही सांगते. काचेला देतात त्या गिम्सा नावाच्या रंगात साध्या मिश्र गाठीचा (प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमा) गाभा कोकमाच्या आगळात बुडवलेल्या काथ्यासारखा दिसतो, लालजांभळे तंतू आणि त्यांत अडकलेल्या पेशी. अ‍ॅडिनॉइड सिस्टिक नावाच्या कॅन्सरमध्ये भिजवलेल्या साबुदाण्यासारखे गोल, काचेरी मणी आणि त्यांच्याभोवती दाटीवाटीने बारीक पेशी. सांगायला सोपं आहे, पण काही साध्या गाठीही साबुदाणा दाखवतात. त्यात आपला पावसाळा. जुलैत काच लवकर वाळत नाही, पेशी विचित्र दिसतात. मी टेबलफॅनपुढे काच धरून उभी राहायची.

दुसरी सुईही कोरी आली तर तिसरीचा आग्रह धरू नका. सरळ तुकडा काढून तपासायला सांगा. टाळूवरची गाठ डोळ्यांसमोर असते, त्यामुळे ते अवघड नाही. फक्त तुकडा गाठीच्या मध्यातून घ्यावा, म्हणजे पुढच्या ऑपरेशनमध्ये ती जखमही सोबत निघून जाते. हाडापर्यंत काय आहे ते सीटी किंवा एमआरआयवर कळेल. गोव्यात बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात जा नाहीतर मुंबईला, जुन्या काचा मागून घ्या आणि सोबत न्या. नुसत्या रिपोर्टच्या कागदावर मोठ्या इस्पितळात काम भागत नाही, काचा ते स्वतः पुन्हा बघतात. प्लास्टिकची स्लाइडपेटी मिळते. माझ्याकडे एकदा कोकणकन्येने आलेल्या काचा वर्तमानपत्रात गुंडाळून काजूच्या पिशवीत ठेवलेल्या होत्या. चारांतल्या तीन फुटल्या होत्या.

आणि मिश्री. ती सुटायलाच हवी. तिच्यामुळे होतो तो तोंडाच्या अस्तराचा कॅन्सर, बहुधा गालात नाहीतर हिरडीशी, न भरणाऱ्या जखमेच्या रूपाने. लाळग्रंथीच्या गाठीचं खापर मात्र तिच्यावर फोडता येत नाही. आईला बोलणं आजपासून बंद.

प्रश्न : माझ्या मुलाच्या (वय १९, गुहागर) खालच्या ओठाच्या आत पाण्याची फोडी येते, फुटते, पुन्हा भरते. ह्यालाही सुई घालावी लागेल का?

उत्तर : वर्णनावरून ओठ चावला जाऊन बारीक ग्रंथीची नळी फुटल्यासारखं वाटतं. खालच्या ओठावर ही गोष्ट नेहमीची आहे, सुईची गरज सहसा पडत नाही. घरी टाचणीने फोडत असाल तर थांबवा. पुन्हा पुन्हा भरत असेल तर दातांचे सर्जन ती जागा बधिर करून फोडी खालच्या ग्रंथीसकट काढतात, दोन-तीन टाके पडतात. काढलेलं मात्र फेकू देऊ नका, तपासायला पाठवा. आणि हीच फोडी वरच्या ओठात किंवा टाळूवर असती, तर माझं उत्तर वेगळं असतं.