साडेचार वर्षांच्या मुलाला पियानो आत्ताच सुरू करावा का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा साडेचार वर्षांचा आहे, सोसायटीतली दोन मुलं क्लासला जातात, घरात कोणालाच संगीत येत नाही, माळ्यावर आजोबांची पेटी, म्हणजे हार्मोनियम, पडून आहे, तर क्लास आत्ताच लावू का आणि कीबोर्ड कुठला घेऊ. मी डोंबिवलीत घरीच पियानो शिकवते, चौदा वर्षं झाली, त्यातली शेवटची आठ-नऊ वर्षं बहुतेक लहान मुलंच आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

संगीत आत्ताच सुरू करा, क्लास मात्र अजून वर्षभर थांबला तरी काही बिघडत नाही. या वयात बोटांपेक्षा कान जास्त तयार असतो. जपानचे शिनिची सुझुकी मूळचे व्हायोलिनवादक, त्यांचं म्हणणं साधं होतं की मूल मातृभाषा शिकतं ते आधी खूप ऐकून, मग बोलून, वाचायला तर फार नंतर लागतं, मग संगीतालाच आपण पुस्तकापासून का सुरुवात करतो? त्यांच्या पद्धतीत आधी आई किंवा बाबा थोडं वाजवायला शिकतात आणि मूल ते बघत असतं. म्हणजे घरात कोणाला येत नाही ही अडचण नाहीच, त्याच्याबरोबर तुम्हीही पहिल्यापासून शिका. गोव्यातही जुन्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना आधी सॉल्फा, म्हणजे डो रे मी हे स्वर, गायला शिकवायचे, वाद्य नंतर.

घरी करायचं काय, तर रोज दहा मिनिटं, त्याहून जास्त नको. टाळ्या वाजवत शब्द म्हणा, भेंडीला दोन टाळ्या, बटाट्याला तीन, पालेभाजीला चार. बटाटा बटाटा बटाटा असं एका लयीत न धावता म्हणता आलं ना, की तीनचा ताल अंगात बसला समजा. नंतर पायाने चालायचं आणि हाताने टाळी, हे मोठ्यांनाही सुरुवातीला जमत नाही, करून बघा.

दुसरं म्हणजे उंच आणि खालचा स्वर. इथे आपली मराठी मुलांची खरी गंमत होते. मी एका मुलाला म्हटलं वरचा स्वर वाजव, त्याने हात पट्ट्यांवरून उचलून हवेत धरला आणि माझ्याकडे बघत बसला, बरोबरच होतं त्याचं, पियानोवर वर असं काही नसतंच, सगळं डावीउजवीकडे आहे. आणि आपण 'बारीक आवाज' म्हणतो तो हळू आवाजालाही म्हणतो आणि चिरक्या आवाजालाही, त्यामुळे मुलं दोन्ही एकच समजतात. म्हणून मी डावीकडे, खालच्या स्वरांशी, हत्ती आणि उजवीकडे, वरच्या स्वरांशी, चिमणी ठेवते, आणि मग सांगते की हत्ती झोपलाय, त्याला हळू वाजव, चिमणी ओरडतेय, तिला जोरात. दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे महिनाभरात पक्कं होतं.

मग काळ्या पट्ट्या. दोन काळ्या एकत्र, तीन काळ्या एकत्र, असं सगळीकडे येतं. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर दोन काळ्यांच्या पाच जोड्या असतात, त्या त्याला दोन बोटांनी शोधू दे, डोळे मिटूनसुद्धा. जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी म्हणजे सी, पाश्चात्य संगीतात पट्ट्यांना सी डी ई अशी अक्षरांची नावं असतात. हे कळलं की पट्ट्यांवर सी डी ई चे स्टिकर चिकटवायची गरजच उरत नाही. स्टिकर लावले की मूल अक्षर वाचतं, ऐकत नाही, आणि काढले की पहिल्यापासून सुरुवात.

पेटी माळ्यावरून जरूर काढा. पट्ट्यांची मांडणी तीच असते आणि सा धरून गायला पेटीसारखं काही नाही. फक्त एक हात भात्यावर जातो, त्यामुळे दुसऱ्या एकाच हाताला सवय लागते, आणि पट्टी जोरात दाबली काय हळू दाबली काय, आवाज भात्यावर ठरतो. आणि एक गोंधळ आधीच टाळा, सी म्हणजे सा असं त्याला सांगू नका. पेटीवाले म्हणतात ना, पांढरी एकचा सा, काळी चारचा सा, म्हणजे सा कुठल्याही पट्टीवर धरता येतो, तर सा हलतो, सी हलत नाही. मुलाला हे पटकन कळतं, गडबड मोठ्यांचीच होते.

कीबोर्ड घेताना एकच बघा, टच सेन्सिटिव्ह आहे का, म्हणजे जोरात दाबलं की मोठा आणि हळू दाबलं की लहान आवाज येतो का. पियानो नावाचा अर्थच मुळात हळू असा आहे, पूर्ण नाव पियानोफोर्ते, हळू आणि जोरात. ते जमत नसेल तर ते खेळणं आहे. पूर्ण ८८ वेटेड, म्हणजे खऱ्या पियानोसारख्या जड, पट्ट्यांचा डिजिटल पियानो वर्ष-दोन वर्षांनी, मुलगा शिकण्यात टिकला तर घ्या. जुना लाकडी पियानो स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका, आपल्या पावसाळ्यात पट्ट्या अडकतात, तारा गंजतात, आणि ट्यूनिंगचा खर्च सुरूच राहतो.

आता परीक्षांबद्दल, कारण सोसायटीतून हेच कानावर येणार. ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या लंडनच्या संगीत-परीक्षा संस्थांच्या परीक्षा चांगल्या असतात, इनिशियल आणि मग १ ते ८ ग्रेड, माझी मोठी मुलं देतात. पण माझ्या स्वतःच्या मुलीचं सांगते. ती पाच वर्षांची असताना मी मोठ्यांनाच शिकवायचे, आईकडे मुलं शिकत नाहीत म्हणून तिला बाहेर क्लासला घातलं. तिथे स्टिकर लावले आणि वर्षभर परीक्षेचे तेच तीन पीस घोटून घेतले. मार्क छान मिळाले. नंतर एकदा शेजारच्या बाळाला झोपवताना ती अंगाई गुणगुणत होती, मी म्हटलं वाजव बघू, तर ती म्हणाली, "हे पुस्तकात कुठेय?" सातव्या वर्षी तिने पियानो सोडला तो सोडलाच. मला ते अजून लागतं, कारण कान तिला होता आणि मी लक्ष दिलं नाही. त्यानंतरच मी लहान मुलं घ्यायला लागले.

म्हणून क्लास बघायला जाल तेव्हा टीचरना एवढंच विचारा, पहिल्या सहा महिन्यांत मुलं गातात का, आणि मला तासाला बसू द्याल का. दोन्हीला हो आलं तर बिनधास्त घाला.

बसायचं पण नीट बघा, कीबोर्ड पलंगावर किंवा जमिनीवर ठेवून वाजवायला देऊ नका, कोपर पट्ट्यांच्या उंचीला आलं पाहिजे. खुर्ची उंच केली की पाय लोंबकळतात आणि मूल चुळबुळ करतं, तर पायाखाली पाट द्या, एकावर एक दोन लागले तरी चालतील. पेडल पाय पोचेपर्यंत नको.