पक्षी आवाजावरून ओळखतो, गणितात मात्र मागे

पत्राचा सारांश: राधानगरी तालुक्यातल्या एका आईचं हे पत्र आहे. मुलगा नववीत, राज्य मंडळाच्या शाळेत. घटक चाचणीत गणितात २० पैकी ६ गुण. पण अंगणात उभं राहून तो तांबट आणि कुटुर्गा नुसत्या आवाजावरून वेगळे सांगतो, पावशा यंदा पहिल्यांदा कधी ओरडला ते त्याच्या वहीत असतं. आजोबा गेल्यापासून रात्री विचारतो, "मेल्यावर 'मी' कुठे जातो?" बाबांना इंजिनिअरिंगची काळजी. जाऊबाई म्हणतात, बोटांचे ठसे घेऊन बुद्धीचा प्रकार सांगणारी चाचणी करा, ६,००० रुपये लागतील. आई विचारते: तो हुशार आहे की नाही? आणि हे मरणाचे प्रश्न बरे का?

ताई,

आधी पैशांचं. ती चाचणी करू नका. बोटांवरच्या रेषा बाळ आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि जन्मभर तशाच राहतात. मुलाला काय येतं, काय आवडतं, कशात तो पुढे जाईल हे त्या रेषांवरून काढता येत नाही. या चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं इंडियन सायकिऍट्रिक सोसायटीनेही जाहीरपणे सांगितलं आहे. त्याच पैशांत ८×४० किंवा ८×४२ची (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा) साधी दुर्बीण बसू शकते. १०×५० मोठं म्हणून घेऊ नका, ती जड असते आणि मुलाच्या हातात चित्र थरथरतं.

त्या चाचणीच्या अहवालात बुद्धीच्या प्रकारांची जी नावं छापलेली असतात, ती मात्र खऱ्या अभ्यासातून उचललेली आहेत, म्हणून ती नीट समजून घ्या. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ साली मांडलं की बुद्धी एकच नसते. भाषेची, तर्क-गणिताची, संगीताची, शरीराच्या हालचालीची, जागा आणि आकार ओळखण्याची, माणसं जाणण्याची आणि स्वतःला जाणण्याची, अशा सात त्यांनी सांगितल्या. नव्वदच्या दशकात आठवी जोडली ती निसर्गाची: सजीवांमधले बारीक भेद टिपणं, त्यांची गटवारी करणं, वेगळं काय ते चटकन दिसणं. नवव्या बुद्धीचा, म्हणजे जगणं-मरणं, आपण इथे का आहोत, असे प्रश्न धरून राहण्याच्या क्षमतेचा, त्यांनी विचार केला; पण मेंदूच्या अभ्यासातला पुरावा पुरेसा वाटला नाही म्हणून ती यादीत पक्की घेतली नाही. म्हणून एकूण 'साडेआठ' बुद्धी, असं ते म्हणत.

या मांडणीवर मानसशास्त्रात मोठा वाद आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्येच दाखवलं होतं की एका प्रकारच्या चाचणीत जे पुढे असतात ते बहुतेकदा दुसऱ्या प्रकारातही पुढे असतात. म्हणजे हे सगळे कप्पे एकमेकांपासून तुटलेले नाहीत. म्हणून माझं मत असं: मुलाकडे बघताना ही यादी जवळ ठेवा, मोजायला वापरू नका. आणि 'हा निसर्गवाला, याला गणित जमायचंच नाही' हे वाक्य तर घरात कोणी उच्चारू नये. गार्डनरनेही बुद्धीचे प्रकार म्हणजे शिकण्याच्या पद्धती नव्हेत असं स्पष्ट केलं आहे. 'प्रकार' ओळखून त्याच पद्धतीने शिकवल्यास मूल जास्त शिकतं, याला भक्कम पुरावा मिळालेला नाही.

आता तुमच्या मुलाचं. तांबटाची टुक्-टुक् एकसारख्या ठेक्यात चालते, कुटुर्ग्याचा आवाज घोगरा, दुहेरी आणि चढत जाणारा. दोघं एकाच वडा-उंबरावर बसतात, पानांत दिसतही नाहीत. हा फरक कोणी न शिकवता पकडणं म्हणजे लक्ष आणि स्मरण दोन्ही जागेवर आहेत. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून नावं पाठ असणारी मुलं वेगळी. खरी गोडी आहे का हे तीन गोष्टींवरून कळतं: काही दिसलं नाही तरी तो थांबतो का, 'मी काल चुकीचं ओळखलं' असं आपण होऊन म्हणतो का, आणि पक्ष्यांवरून किडे, झाडं, कोळी असा पुढे सरकतो का. तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर तो हुशार आहे का हा प्रश्न सोडून द्या, आहेच.

पण या गोडीला शिस्त नसेल तर ती नावं सांगण्यापुरतीच राहते. त्याची वही बघा. रोज एकाच जागी, एकाच वेळी १५ मिनिटं. तारीख, सुरू आणि संपल्याची वेळ, आभाळ कसं, वारा किती, पक्षी, संख्या, काय करत होता. ओळख पक्की नसेल तर 'खात्री नाही' असं लिहायचं आणि दिसलेल्या खुणा तेवढ्या नोंदवायच्या. इथे मुलं दोन चुका हमखास करतात. एक, दुर्मीळ तेवढंच लिहितात, कावळा-चिमणी गाळतात. दुसरी, काही दिसलं नाही तर तो दिवसच गाळतात. ही दुसरी जास्त महागात पडते. समजा पाच दिवसांत सातभाई ८, ०, ७, ०, १० दिसले. सरासरी ५. शून्याचे दिवस गाळले तर ती ८.३ होते आणि अंगणात सातभाई आहेत त्याहून खूप जास्त वाटतात. हे त्याला स्वतःच्या वहीतून काढू द्या. नववीच्या गणित भाग १ मधलं 'सांख्यिकी' हेच आहे, आणि त्याची स्वतःची सामग्री तयार आहे. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट हा पक्षी मोजण्याचा जागतिक उपक्रम असतो, निदान १५ मिनिटांच्या नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायच्या. तिथे शाळकरी मुलाची नोंदही शास्त्रज्ञ वापरतात.

काही गोष्टींवर मात्र कडक राहा. घरट्याजवळ जायचं नाही. आपल्या मागोमाग कावळा येतो आणि अंडी जातात. फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही, विणीच्या काळात तर मुळीच नाही. पिल्लू घरी आणायचं नाही, पोपट पाळायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली तो गुन्हा आहे. आणि साप. निसर्गाची ओढ असलेली धीट मुलं इथेच फसतात. तुमच्या भागात नाग, मण्यार, घोणस, फुरसं सगळे आहेत. ओळखता येणं आणि पकडणं यात काही संबंध नाही. पायात बूट, संध्याकाळनंतर बॅटरी, लाकडांच्या ढिगात हात नाही.

गणिताकडे येऊ. २० पैकी ६ म्हणजे नववीचं गणित कच्चं असेलच असं नाही, बहुतेकदा सहावी-सातवीतलं काहीतरी निसटलेलं असतं. बालभारतीच्या संकेतस्थळावर जुन्या इयत्तांची पुस्तकं फुकट मिळतात. सहावी-सातवीतून अपूर्णांक, ऋण संख्या, गुणोत्तर आणि साधी समीकरणं यांची दहा उदाहरणं सोडवायला द्या. घड्याळ लावू नका, उत्तराऐवजी पायऱ्या बघा. चिन्ह बदलताना चुकतो की अपूर्णांकांची बेरीज करताना छेदही मिळवतो? जिथे अडतो तिथूनच रोज २० मिनिटं, दोन-तीन महिने. मग आजचा धडा हलका वाटू लागतो. पण पाढे कितीही घोटले तरी टिकत नसतील, अंक उलटसुलट होत असतील, काट्यांचं घड्याळ वाचताना आणि सुटे पैसे मोजतानाही गोंधळ होत असेल, तर ती आळशीपणाची गोष्ट नाही. अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. प्रमाणपत्र मिळालं तर मंडळाच्या परीक्षेत सवलती मिळतात. मुख्याध्यापकांना आताच विचारा, दहावीचा फॉर्म भरायच्या वेळी धावपळ नको.

आणि भूमिती झाडापाशी शिकवा. चौरस कागद कर्णावर दुमडला की ४५ अंशांचा कोन मिळतो. एक लहान बाजू जमिनीला समांतर धरून, तिरप्या कडेवरून झाडाचा शेंडा दिसेपर्यंत मागे सरकायचं. तिथून बुंध्यापर्यंतचं अंतर अधिक डोळ्याची उंची, एवढी झाडाची उंची. टॅन ४५ = १ याचा अर्थ त्याला त्या क्षणी कळेल. उतारावर मोजलं किंवा झाड कललेलं असेल तर उत्तर चुकतं, का चुकतं हे त्यालाच शोधू द्या. खोडाचा घेर वनखात्यात जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजतात. घेर १८० सेंटीमीटर आला तर ३.१४ ने भागून व्यास साधारण ५७.

रात्रीच्या प्रश्नांनी तुम्ही घाबरल्यात, ते साहजिक आहे. पण आजोबा गेलेल्या मुलाने हे विचारणं हा आजार नाही. कठोपनिषदातला नचिकेत यमाकडे तिसरा वर मागतो तो हाच, माणूस गेल्यावर असतो की नसतो. यम त्याला आधी हत्ती, घोडे, सोनं देऊन टाळायला बघतो. आपण हातात मोबाइल देतो किंवा 'झोप आता' म्हणतो. तसं करू नका. 'तुला काय वाटतं?' विचारा, मग 'कशावरून?' विचारा. तुमची श्रद्धा जी असेल ती 'मी असं मानते' म्हणून सांगा. 'बघ, मलाही पक्कं माहीत नाही' म्हणालात तरी मुलाला आधार वाटतो. बाकीचं आजोबांबद्दल बोला. त्याला बहुधा प्रश्नाच्या उत्तरापेक्षा आजोबांची आठवण काढायची असते.

लक्ष कुठे द्यायचं तेही सांगते. वही बंद पडली, बाहेर जावंसं वाटेना, झोप किंवा जेवण दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागला, 'मी नसतो तर बरं' असं बोलला, तर वेळ घालवू नका. सरळ विचारा, "मरून जावं असं मनात येतं का रे?" विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरत नाही, उलट मूल बोलतं होतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

राहिले बाबा. त्यांना वाद घालून पटणार नाही, मुलाची वही आणि झाडाच्या उंचीचं गणित त्यांच्या हातात द्या. निसर्गातल्या कामालाही दहावीचं गणित लागतंच, म्हणून त्यांची काळजी अगदीच वावगी नाही. अकरावी विज्ञानाला गणिताऐवजी जीवशास्त्राचा गट घेता येतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठात वनशास्त्राची पदवी आहे, पुढे डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत वन्यजीवशास्त्राची पदव्युत्तर पदवी आहे, आणि एमपीएससीतून वनसेवेची परीक्षा आहे. आताच काही ठरवायची गरज नाही. दिवाळीच्या सुट्टीत बापलेकांना दापोलीला पाठवा, महाविद्यालय बघू द्यात, प्रवेशाच्या अटी तिथेच विचारून लिहून आणू द्यात.