सूत्र बरोबर, उत्तर मात्र चूक

प्रश्न : मी संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. मला हवे असलेले एक विशेष फलन सायपायमध्ये (पायथॉनच्या वैज्ञानिक गणनेच्या मुक्त लायब्ररीत) आढळले नाही, म्हणून मी ते पायथॉनमध्ये लिहिले. पुस्तकातील तक्त्यांशी त्याच्या किमती जुळतात. हे फलन सायपायमध्ये घेतले जावे यासाठी काय करावे?

उत्तर : आपले फलन तिथे खरोखरच नाही ना, याची आधी खात्री करून घ्या, कारण ते वेगळ्या नावाने किंवा किंचित निराळ्या रूपात असू शकते. नसेल, तर कोड पाठवण्यापूर्वी सायपायचा कोड जिथे ठेवलेला आहे त्या गिटहब या संकेतस्थळावर इश्यू (चर्चेची नोंद) उघडून त्या फलनाची गरज कोणाला आणि कशासाठी पडते, ते मांडावे. मागणीच नसलेल्या फलनाची वर्षानुवर्षे देखभाल करण्यास सांभाळणारी मंडळी सहसा तयार होत नाहीत, आणि त्यात त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही.

खरी कसोटी अचूकतेची असते. सायपायमधील ‘ईआरएफसीएक्स’ हे फलन म्हणजे ई चा क्ष-वर्ग घात गुणिले पूरक त्रुटी फलन. सूत्र एका ओळीचे आहे; पण क्ष = ३० घेतल्यास पहिला गुणक ३९१ अंकी होतो व दुहेरी अचूकतेच्या (संगणकात नेहमी वापरल्या जाणाऱ्या ६४ बिटांच्या) संख्येत मावत नाही, म्हणून संगणक त्याला अनंत मानतो, तर दुसरा इतका लहान होतो की संगणक त्याला शून्य मानतो. अनंत गुणिले शून्य म्हणजे ‘नॅन’, अर्थात ‘ही संख्याच नाही’! खरे उत्तर सुमारे ०.०१८८ आहे. म्हणून प्रत्यक्ष कोडमध्ये हे सूत्र थेट वापरलेले नाही : क्ष ५० हून मोठा असेल तर वितत अपूर्णांक (छेदात पुन्हा अपूर्णांक असलेली मांडणी) वापरला जातो आणि त्याआतील धन किमतींसाठी शंभर उपांतरे पाडून प्रत्येकासाठी स्वतंत्र चेबिशेव्ह बहुपदी (फलनाच्या अगदी जवळ जाणारी बहुपदी) योजलेली आहे. आपल्या तक्त्यात क्ष कुठवर जातो, ते एकदा पाहा.

संदर्भ-किमती तक्त्यातून न घेता एमपीमॅथ या हव्या तितक्या अंकांपर्यंत गणित करणाऱ्या पायथॉन लायब्ररीने पन्नास अंकांपर्यंत काढाव्यात आणि त्यांच्याशी तुलना करताना सापेक्ष त्रुटी (खऱ्या उत्तराच्या प्रमाणात किती चूक, ते) पाहावी. उत्तर फार लहान असते तेव्हा निरपेक्ष त्रुटी नुसती फसवते. या तुलना चाचण्यांच्या रूपात पुल रिक्वेस्टसोबत (कोड सामावून घेण्याच्या विनंतीसोबत) द्याव्यात. प्रलेखनात व्याख्या, संदर्भ आणि एखादे उदाहरण असले की पुरते.

परवान्याबाबत मात्र हयगय नको. सायपायचा परवाना बीएसडी, म्हणजे फारशा अटी न घालणारा आहे, त्यामुळे त्याहून कडक अटींचा कोड, उदाहरणार्थ ‘न्यूमेरिकल रेसिपीज’ या पुस्तकातील कोड, तिथे चालत नाही, जीपीएल या बदललेला कोडही त्याच अटींवर वाटायला लावणाऱ्या परवान्याखालील आर या संख्याशास्त्रीय भाषेचा कोड वाचून त्याचा पायथॉनमध्ये केलेला अनुवादही चालत नाही. शोधनिबंधातील गणित वाचून स्वतः लिहिलेला कोड चालतो.

आणि क्ष ऋण असताना आपले फलन काय देते, ते आजच पाहून घ्या. छापील तक्ते पुष्कळदा शून्यापासूनच सुरू होतात.