सुपर फॉस्फेटचा गाळ अन् रॉक फॉस्फेटचा मोह

प्रश्न (काटोल तालुका, सोयाबीन व संत्रा): डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) मिळाली नाही म्हणून सिंगल सुपर फॉस्फेट आणलं. मूठभर दाणे बादलीत टाकले तर तळाशी पांढरा गाळ बसला, ढवळूनही जात नाही. खत बोगस आहे का? शेजारी म्हणतो, त्यापेक्षा रॉक फॉस्फेट स्वस्त पडते.

उत्तर: भाऊ, तेवढ्यावरून बोगस म्हणू नका. खडकाच्या भुकटीवर गंधकाचे आम्ल टाकून सुपर फॉस्फेट बनवतात. त्यात फॉस्फेटसोबत जिप्समही तयार होते. फॉस्फेट पाण्यात उतरते, जिप्सम फार थोडे विरघळते आणि तळाशी बसते. तुमचा गाळ बहुतेक तोच. त्यातले गंधक सोयाबीनला हवेच असते. तरी शंका असेल तर पक्के बिल आणि बॅग जपून ठेवा, कृषी विभागाच्या खत निरीक्षकाला नमुना घ्यायला सांगा. बादलीतल्या परीक्षेत असली-नकली ठरत नाही.

आता रॉक फॉस्फेट, म्हणजे आम्ल न टाकलेली तीच खडकाची भुकटी. फॉस्फोरिक आम्लात तीन हायड्रोजन असतात. कॅल्शियमने एकाची जागा घेतली की मोनोकॅल्शियम फॉस्फेट, ते पाण्यात विरघळते. सुपरमध्ये मुख्यतः हेच. दोघांची घेतली की डायकॅल्शियम, ते पाण्यात जवळपास नाही, पण सौम्य सायट्रेट द्रावणात विरघळते. तिन्ही गेले की ट्रायकॅल्शियम, आणि खडकातले अॅपेटाइट हे खनिज याच हट्टी जातीचे. (डीएपीतल्या ‘डाय’ने गोंधळू नका. तिथे दोन वाटे अमोनियाचे आहेत, म्हणून ते पाण्यात सहज विरघळते.) अॅपेटाइट फोडायला जमिनीत आम्लता लागते. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीचा सामू (pH) बहुधा साडेसातच्या वर. तिथे ती भुकटी वर्षानुवर्षे भुकटीच राहते. स्वस्त नाही, वाया.

हीच चुनखडी विरघळलेल्या स्फुरदालाही (फॉस्फरसलाही) धरते आणि हळूहळू त्याचे डायकॅल्शियम, मग त्याहून घट्ट रूप करते. म्हणून सुपर शेतभर फेकू नका. पेरणीच्या वेळी बियाण्याच्या खाली, थोडे बाजूला, काकरीत पडू द्या. संत्र्याला झाडाच्या घेराखाली, चर काढून, शेणखतात मिसळून द्या.

हिशेब असा: 50 किलो डीएपीत 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद. 50 किलो सुपरमध्ये 8 किलो स्फुरद. म्हणजे तीन बॅग सुपर आणि 20 किलो युरिया घेतला की एका डीएपीची भरपाई होते, वर 16 किलोच्या आसपास गंधक पदरात. मात्र सुपर-युरिया आदल्या रात्री मिसळून ठेवू नका. ओल सुटून लगदा होतो. पेरणीच्या सकाळीच मिसळा.

ठिबकवाल्यांनो, 12-61-00 (मोनोअमोनियम फॉस्फेट हे विद्राव्य खत) आणि कॅल्शियम नायट्रेट एकाच टाकीत टाकू नका. पाणी दुधासारखे दिसले की समजा, तेच कॅल्शियम फॉस्फेट आता ड्रिपरमध्ये बसणार.